डिमेन्शियाचा प्रकार कोणता? आधी काय गेलं ते सांगा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वडील ७३ वर्षांचे. दोन वर्षांपासून शर्टाचं बटण भलत्याच काजात जातं, हिशेब जुळत नाही, रोजच्या जिन्यावर पायरीचा अंदाज चुकतो. एका डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं, दुसऱ्यांनी पार्किन्सन. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'वयानुरूप मेंदूचं आकुंचन' एवढंच लिहिलंय. संध्याकाळी त्यांना पलंगाच्या कडेला दोन लहान मुलं बसलेली दिसतात. मागच्या आठवड्यात रात्री फार अस्वस्थ झाले म्हणून 'शांत राहण्याची' गोळी सुरू झाली आणि तीन दिवसांत ते इतके ताठरले, की खुर्चीतून उठवायला दोघं लागली. तुम्ही विचारताय: प्रकार नेमका कोणता, औषध कोणतं, आणि त्या मुलांबद्दल वडिलांना खरं सांगायचं की नाही.

क्रमानं सांगतो, पण त्या गोळीचं आधी. ज्यांनी ती लिहून दिली त्यांना आजच फोन करा. उद्यावर टाकू नका. सांगा, की गोळीनंतर ताठरपणा वाढलाय, भास आधीपासून आहेत, लेवी बॉडीचा (हा डिमेन्शियाचा एक प्रकार) संशय असेल तर हे औषध चालू ठेवायचं का? सोबत ताप आला, गुंगी वाढली, घोट गिळता येईनासा झाला, तर फोनही नको, थेट रुग्णालयात न्या. कारण पुढे येतंच.

एक कबुली. मी त्यांना तपासलेलं नाही. तुम्ही लिहिलेल्या वीस ओळींवरून मला एक दिशा दिसते, निदान होत नाही. त्यांना ऐकू कितपत येतं, मोतीबिंदू आहे का, दिवसाकाठी कोणकोणती औषधं पोटात जातात, रक्तदाब उभं राहिल्यावर पडतो का, यातल्या एकाही उत्तरानं चित्र बदलू शकतं.

आता मूळ मुद्दा. डिमेन्शिया हे 'ताप' या शब्दासारखं आहे. ताप आलाय एवढ्यानं मलेरिया की न्यूमोनिया ते कळत नाही. आठवण, विचार, भाषा, वागणं यांपैकी काही इतकं ढासळलं की माणसाला स्वतःचे व्यवहार सांभाळता येईनात, तर त्याला डिमेन्शिया म्हणायचं. ते कशामुळे झालं हा पुढचा प्रश्न. अल्झायमर हे त्यातलं सर्वांत मोठं कारण, जगभरातल्या रुग्णांपैकी साधारण ६० ते ७० टक्क्यांत त्याचा वाटा असतो. म्हणूनच बहुतेकांना आधी तेच लेबल मिळतं आणि उरलेले त्याखाली झाकले जातात.

लोकांची समजूत असते की प्रकार स्कॅनमध्ये दिसतो. स्कॅन मी करतोच, पण प्रामुख्यानं गाठ, रक्तस्राव, पाणी साठणं, पक्षाघाताचे जुने झटके हे बघायला. 'वयानुरूप आकुंचन' या शब्दांत निदान शोधू नका. साठीनंतर एमआरआयवर पांढरे ठिपकेही पुष्कळांना असतात, तेवढ्यावरून कुणाला डिमेन्शिया ठरत नाही. प्रकार ओळखायला मला एकच प्रश्न सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो: आधी काय गेलं? आज काय काय येत नाही ही यादी फारशी कामाची नसते, कारण पाच-सात वर्षांनी सगळे प्रकार एकमेकांसारखेच दिसायला लागतात. सुरुवात मात्र प्रत्येकाची वेगळी असते.

अल्झायमरमध्ये बहुधा ताजी आठवण आधी जाते. सकाळी कोण भेटायला आलं होतं ते पुसलेलं, चाळीस वर्षांपूर्वीचं मात्र लख्ख. मी पाच शब्द सांगतो, पाच मिनिटांनी विचारतो. शब्द आठवला नाही तर खूण देतो: 'एका फुलाचं नाव होतं बघा.' अल्झायमरचा रुग्ण खूण दिल्यावरही कोराच राहतो, किंवा भलतंच फूल सांगतो, कारण तो शब्द मेंदूत रुजलेलाच नसतो. उदासीनतेचा आजार असेल किंवा मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा विकार असेल, तर खूण मिळताच बरेचदा शब्द येतो. तिथे साठवण शाबूत असते, काढून आणण्यात अडचण असते. आणखी एक गोष्ट मी बघतो, ती कुठल्याच गुणांत मोजली जात नाही. प्रश्न विचारला की रुग्ण माझ्याकडे बघतो की मान वळवून बायकोकडे? 'हिला विचारा, हिला सगळं माहीत असतं.' हसून म्हणतात, आणि खोलीतल्या सगळ्यांना तो विनोद वाटतो.

तुमच्या वडिलांची सुरुवात अशी नाही. तुम्हीच लिहिलंय की परवाचा क्रिकेटचा सामना त्यांना आठवतो. चुकतं ते बटण, पायरी, हिशेब. म्हणजे डोळ्यांनी दिसलेल्या जागेचा अंदाज आणि कामाची मांडणी. अशा माणसाला मी घड्याळ काढायला सांगतो. अकरा वाजून दहा मिनिटं. तो गोल नीट काढतो, मग बारा, एक, दोन, तीन, चार असे सगळे आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवतो आणि डावी बाजू रिकामी राहते. त्याला ते चुकलंय हे कळतं. खोडून पुन्हा करतो, पुन्हा तसंच होतं. याच माणसानं दहा मिनिटांपूर्वी पाचातले चार शब्द मला बरोबर सांगितलेले असतात. विसरभोळेपणा कमी आणि चित्र इतकं बिघडलेलं, की मी पुढचे चार प्रश्न लगेच विचारतो. ते तुम्हालाही विचारतो, उत्तरं वहीत लिहून काढा.

एक: चढउतार आहेत का? सकाळी वर्तमानपत्रावर चर्चा करणारा माणूस दुपारी तासन्‌तास शून्यात बघत बसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तरतरीत. घरच्यांना वाटतं, मुद्दाम करतायत.

दोन: भास दिसतात का, आणि कसे? लेवी बॉडीचे भास बहुधा स्पष्ट असतात. धूसर सावली नसते, माणसं, मुलं, प्राणी असतात. पुष्कळदा ते बोलत नाहीत, नुसते असतात. तुम्ही लिहिलेली दोन मुलं तंतोतंत अशीच आहेत.

तीन: चालणं मंदावलं का, हातापायांत ताठरपणा, चेहऱ्यावरचे भाव कमी? कंप असेलच असं नाही. म्हणूनच दुसऱ्या डॉक्टरांना पार्किन्सन दिसला असणार, आणि ते अगदी चुकलेलेही नाहीत. दोन्ही आजारांत मेंदूत साठणारं प्रथिन एकच आहे. फ्रिड्रिश लेवी यांनी १९१२ मध्ये त्या प्रथिनाचे गोळे, म्हणजेच लेवी बॉडी, पहिल्यांदा वर्णन केले, ते पार्किन्सनच्याच रुग्णांत. हालचालींचा त्रास सुरू होऊन वर्षभराहून जास्त काळ गेल्यावर बुद्धी ढासळली तर पार्किन्सनचा डिमेन्शिया म्हणायचं, आणि बुद्धीचा त्रास आधी किंवा वर्षभराच्या आत बरोबरीनं आला तर लेवी बॉडी डिमेन्शिया. ही रेघ आमच्या सोयीची आहे. निसर्गानं मारलेली नाही.

चार, आणि हा प्रश्न आईला एकटीला गाठून विचारा: झोपेत ते लाथा मारतात का, ओरडतात का, स्वप्नातली मारामारी प्रत्यक्ष करतात का? स्वप्न पडत असताना शरीर लुळं राहावं अशी मेंदूत सोय असते, या आजारात ती आधी बिघडते. कधी कधी विस्मरणाच्या दहा-वीस वर्षं आधी. बायका हे डॉक्टरांना आपणहून सांगत नाहीत. 'ते काय, पंधरा वर्षांपासून वेगळ्या पलंगावर झोपतो आम्ही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी ते गप्पांच्या ओघात, निघता निघता आलेलं.

या चारांपैकी दोन जरी स्पष्ट असतील तरी मी लेवी बॉडी समजूनच पुढचं पाऊल टाकतो. त्याचं कारण नावात नाही, औषधांत आहे. भास आणि चिडचिड थांबवायला सर्रास दिली जाणारी हॅलोपेरिडॉलसारखी औषधं मेंदूतलं डोपामिन (हालचालींना लागणारं रसायन) अडवतात. या रुग्णांत ते आधीच कमी असतं. त्यामुळे बऱ्याच जणांत एक-दोन मात्रांतच अंग लाकडासारखं होतं, ग्लानी येते, क्वचित जीवावर बेततं. उलटीवर दिलं जाणारं मेटोक्लोप्रामाइडही त्याच जातीचं, हे फार जणांच्या ध्यानात नसतं. म्हणून एका कागदावर ठळक लिहा: 'लेवी बॉडी डिमेन्शियाचा संशय. हॅलोपेरिडॉल आणि मेटोक्लोप्रामाइड देऊ नये.' तो वडिलांच्या पाकिटात ठेवा. रात्री दोन वाजता आपत्कालीन विभागात तुम्हाला हे सगळं समजावायला वेळ मिळणार नाही.

पण लेवी बॉडीच आहे असं धरून बाकीचं सोडू नका. इथे माझीच एक चूक सांगतो. निवृत्त शिक्षिका, वय ७०च्या आसपास, आठवण कमी, गोंधळ, मधूनच भास. मी अल्झायमर लिहिलं आणि औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी मुलगी औषधांची आख्खी पिशवी घेऊन आली, मी मागितली नव्हती, तिला एका गोळीचं नाव वाचता येत नव्हतं म्हणून. पिशवीत खाजेसाठी क्लोरफेनिरामाइन, झोपेसाठी अमिट्रिप्टिलिन, लघवीच्या घाईसाठी ऑक्सिब्युटिनिन. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांची, आणि तिन्ही मेंदूतलं असिटिलकोलिन (आठवणीला आणि लक्षाला लागणारं रसायन) अडवणारी. मी मात्र तेच असिटिलकोलिन वाढवायला डोनेपेझिल देत होतो. एका पायानं ब्रेक आणि दुसऱ्यानं ॲक्सिलरेटर. हळूहळू ती तिन्ही बंद केल्यावर बाईंचा गोंधळ बराचसा निवळला. तेव्हापासून पिशवी बघितल्याशिवाय मी निदान लिहीत नाही. तुम्हीही जाल तेव्हा सगळं न्या, डोळ्यांचे थेंब आणि दुकानातून आपल्या मनानं आणलेलं सर्दीचं औषधसुद्धा.

पिशवीनंतर तपासण्या. बी १२, थायरॉइड, सोडियम, कॅल्शियम, साखर, मूत्रपिंड, यकृत, आणि परिस्थिती बघून सिफिलिस व एचआयव्ही. डोक्याचा एक स्कॅन. पडल्यानंतर कवटीच्या आत हळूहळू साठणारं रक्त महिनाभरानंतर डिमेन्शियाचं सोंग घेऊन येऊ शकतं. मेंदूत पाणी साठण्याचा एक प्रकार असतो, त्यात चालणं आधी बिघडतं, पाय जमिनीला चिकटल्यासारखे, मग लघवीवरचा ताबा आणि विचारांचा वेग. पाठीतून ३० ते ५० मिलिलिटर पाणी काढून चालणं सुधारतंय का हे पाहतात, सुधारलं तर शंटच्या (जादा पाणी वळवणारी नळी बसवण्याच्या) शस्त्रक्रियेचा विचार होतो. उदासीनता, कमी ऐकू येणं, झोपेत श्वास अडकणं, दारू यांचीही विचारपूस हवीच. यातलं प्रत्येक पूर्ण उलटवता येतं असं नाही, पण शोधलं नाही तर काहीच उलटत नाही.

आणि एक फरक घरच्यांनाच आधी कळतो. काल बरा असलेला माणूस आज वातात बरळल्यासारखा बोलतोय, कधी सुस्त कधी सैरभैर, तर तो डिमेन्शिया 'वाढला' असं समजू नका. डिमेन्शिया तासांत वाढत नाही. त्याला डेलिरियम म्हणतात: लघवीतला किंवा छातीतला संसर्ग, घटलेलं सोडियम, तुंबलेली लघवी, आठवडाभराची बद्धकोष्ठता, नवं औषध. कारण शोधून त्याच दिवशी उपचार हवेत. लेवी बॉडीचे चढउतार यासारखेच दिसू शकतात, तिथे आम्हीही फसतो, म्हणून शंका आली की मी आधी संसर्ग धुंडाळतो.

बाकीचे प्रकार थोडक्यात, कारण तुमच्या वर्णनात ते फारसे बसत नाहीत. रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया झटक्यानंतर पायरी उतरल्यासारखा येतो असं पुस्तकात असतं. प्रत्यक्षात बारीक रक्तवाहिन्यांचा प्रकार हळूहळूच सरपटत येतो: विचार मंदावतो, उत्साह जातो, पावलं आखूड होतात. तिथे खरा उपचार रक्तदाब, साखर, तंबाखू आणि हृदयाच्या अनियमित ठोक्यांचा. फ्रंटोटेम्पोरल (मेंदूचा पुढचा आणि कानशिलालगतचा भाग झिजवणारा) प्रकार बहुधा ४५ ते ६५ या वयात सुरू होतो आणि आठवण बराच काळ शाबूत असते, जातो तो स्वभाव. अंत्यसंस्काराला जाऊन विनोद सांगणारा, अनोळखी माणसाच्या ताटातलं उचलणारा, मुलीच्या आजारपणाचं काहीच न वाटणारा. लोक म्हातारचळ म्हणून मोकळे होतात, नाहीतर घटस्फोटापर्यंत गोष्ट जाते. यात काहींचा स्वभाव बदलत नाही, भाषाच आधी विरते. डोनेपेझिलचा त्यात उपयोग होत नाही, उलट अस्वस्थता वाढू शकते. आठवड्या-महिन्यांत वेगानं कोसळणारा आणि अंगाला झटके देणारा आजार असेल तर ती वेगळीच घाई, थेट न्यूरॉलॉजिस्टकडे. ऐंशी ओलांडलेल्यांत तर सहसा एकच कारण नसतं, दोन-तीन हातात हात घालून येतात. म्हणून 'दोन डॉक्टर, दोन नावं' यात दर वेळी कुणी तरी अडाणी असतोच असं नाही.

औषधांचं. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन ही एका कुळातली. अल्झायमरमध्ये ती आजार थांबवत नाहीत, काही काळ उतार मंद दिसतो. लेवी बॉडीत मात्र त्यांचा परिणाम बरेचदा जास्त ठळक मिळतो: लक्ष टिकतं, भासही कमी होतात. त्यामुळे वडिलांच्या बाबतीत निदान तेच ठरलं तर मी पहिलं औषध यातलंच निवडेन, शांत करणारी गोळी नंतर आणि शक्यतो नाहीच. सुरू करण्याआधी नाडी आणि ईसीजी, कारण ही औषधं ठोके मंदावतात. डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमनं सुरू करून चार ते सहा आठवड्यांनी १० वर नेतात. मळमळ, जुलाब होऊ शकतात, रात्री भयानक स्वप्नं पडली तर मी सकाळी द्यायला सांगतो. पोट सोसत नसेल तर रिव्हास्टिग्मिनचा पॅच. एका सापळ्यापासून जपा: या औषधानं लघवीची घाई वाढते, मग कुणीतरी त्यावर ऑक्सिब्युटिनिन देतं. बाईंची पिशवी आठवा.

मेमँटिन मध्यम किंवा पुढच्या टप्प्यातल्या अल्झायमरसाठी, लेवी बॉडीत फायदा बेताचा. ताठरपणासाठी लेव्होडोपा देता येतं, पण त्यानं भास वाढू शकतात. त्यामुळे अगदी थोडं देऊन, चालणं सुधारतंय की मुलं दोनाची चार होतायत, हे बघत पुढे जायचं. भास खरोखर भीतिदायक झाले आणि बाकी सगळं करून झालं, तर क्वेटियापिन अगदी कमी मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, डोळ्यांत तेल घालून. डिमेन्शियाच्या वृद्धांत क्वेटियापिनच्या या सगळ्या गटानं मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं (तिथल्या औषध नियामकानं) २००५ मध्येच दिला आहे.

तुम्ही बातम्यांतल्या 'नव्या इंजेक्शन'बद्दलही विचारलंय. लेकानेमॅबला एफडीएची पूर्ण मान्यता जुलै २०२३ मध्ये मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. ती अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारं प्रथिन) साफ करतात आणि अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यासाठीच आहेत, तेही अमायलॉइड आहे हे तपासणीनं सिद्ध झाल्यावर. लेकानेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत घसरण २७ टक्के मंदावली. आकडा मोठा वाटतो, पण १८ गुणांच्या मापावर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी होता, आणि काहींच्या मेंदूत सूज व रक्तस्राव झाले. वडिलांच्या संभाव्य निदानासाठी ते औषधच नाही, तेव्हा त्यामागे धावण्यात शक्ती घालवू नका.

ती शक्ती साध्या गोष्टींत लावा. उठताना आधी बसतं करा, मग उभं, कारण या आजारात उभं राहताच रक्तदाब पडतो आणि माणूस कोसळतो. बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. झोपेत लाथा मारत असतील तर पलंग खाली आणा, टोकदार टेबल हलवा. रोज चालवा, फिजिओथेरपिस्टकडून तोल सांभाळायचे व्यायाम शिकून घ्या. आणि आर्थिक सह्या, अधिकारपत्र, उपचारांविषयी त्यांची इच्छा हे सगळं त्यांच्या चांगल्या दिवशी त्यांनाच विचारून घ्या. त्यांचे चांगले दिवस अजून आहेत, हे तुमच्याच लिहिण्यातून दिसतंय.

आता त्या मुलांचं. 'तिथे कुणी नाही' असा वाद घालू नका, आणि 'हो हो, मलाही दिसतात' असंही म्हणू नका. वादानं ते एकटे पडतात, खोटं बोललात तर चांगल्या दिवशी त्यांना ते कळतं. आधी डोळे तपासून घ्या, मग त्यांच्याच जागी बसून संध्याकाळी खोलीकडे बघा. माझ्या एका रुग्णाला रोज दाराआड माणूस दिसायचा. त्यांच्या पत्नीनं महिनाभर समजूत घातली. एका संध्याकाळी त्या सहज नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या, आणि त्यांनाही क्षणभर तो दिसला. खुंटीवरचा लांब कोट होता. कोट कपाटात गेला, दिवा अंधार पडायच्या आधी लागायला लागला, आणि तो माणूस येणं जवळजवळ थांबलं.

तुमच्याकडे पलंगाशी उशा असतील, घडी घातलेलं पांघरूण असेल. हलवून बघा. तरीही मुलं आलीच, तर वडिलांना एवढंच विचारा, 'त्रास देतात का तुम्हाला?' नाही म्हणाले, तर बसू द्या त्यांना.